लेखनिकाची बाजू

साहित्याच्या वर्गात काही गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. त्या इतक्या वेळा सांगून झालेल्या असतात की त्यांच्या मागेपुढे काय घडले हे तपासण्याची गरज कोणालाच वाटेनाशी होते. संत थॉमस ॲक्वायनस याच्या मौनाची गोष्ट त्यांपैकीच एक. ती थोडक्यात अशी : ६ डिसेंबर १२७३, संत निकोलसच्या सणाचा दिवस. नेपल्सच्या डॉमिनिकन मठात सकाळची मिस्सा अर्पण करीत असताना थॉमसला काहीतरी झाले. मिस्सा आटोपल्यावर नित्यनेमाप्रमाणे तो मजकूर सांगायला बसला नाही. लेखनाची साधने त्याने दूर सारली, आणि ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा त्याचा महाग्रंथ तिसऱ्या भागात, प्रायश्चित्ताच्या विवेचनात, नव्वदाव्या प्रश्नापाशी थांबला तो कायमचा. रेजिनाल्ड नावाच्या त्याच्या सोबत्याने पुन्हा लिहिण्याविषयी विनवले तेव्हा आपल्याच्याने आता होणार नाही, असे त्याने सांगितले. पुन्हा आग्रह झाल्यावर, जे दिसले त्यापुढे आजवरचे सारे लेखन आपल्याला पेंढ्यासारखे वाटते, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला. तीन महिन्यांनी, ७ मार्च १२७४ रोजी, तो वारला.

साहित्याच्या माणसांना ही गोष्ट का आवडते हे सांगायला नको. शब्दांवर पोट भरणाऱ्यांना शब्दांच्या मर्यादेविषयी बोलायला नेहमीच आवडते. आम्हीही एम. ए.च्या वर्गात ती दरवर्षी सांगत आलो. गोष्ट पेंढ्यापर्यंत आली की वर्ग स्तब्ध होई, आणि ती स्तब्धता आम्ही आमच्या अध्यापनाच्या खात्यावर जमा करून तास संपवीत असू. ही गोष्ट आम्ही अर्धीच वाचली होती, आणि त्या अर्धवट वाचनाची किंमत आम्हांला आयुष्यात एका ठिकाणी मोजावी लागली. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

प्रथम थॉमसविषयी. रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान असलेल्या रोक्कासेक्का येथील गढीत, १२२५ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. पाचव्या वर्षी घरच्यांनी त्याला मोन्ते कास्सिनोच्या बेनेडिक्टाइन मठात ठेवले. मुलगा पुढेमागे त्या श्रीमंत मठाचा अधिपती होईल असा त्यांचा हिशेब होता. मुलगा मात्र नेपल्सच्या विद्यापीठात गेला, तिथे ॲरिस्टॉटल वाचू लागला, आणि १२४४ मध्ये भिक्षेवर जगणाऱ्या डॉमिनिकन संघात दाखल झाला. घराण्याला हे लांच्छनास्पद वाटले. भावांनी त्याला वाटेत पकडून घरी आणले आणि सुमारे वर्षभर कोंडून ठेवले. तो बधला नाही. पुढे पॅरिस आणि कोलोन येथे आल्बर्ट या थोर गुरूच्या हाताखाली तो शिकला. स्थूल आणि अबोल असल्यामुळे सहाध्यायी त्याला मुका बैल म्हणत. १२५६ मध्ये तो पॅरिस विद्यापीठात आचार्य झाला. त्यानंतरच्या सतरा वर्षांत त्याने जे लिहिले, ते एका माणसाचे काम आहे यावर विश्वास बसणे कठीण जाते. एकट्या ‘सुम्मा’त ५१२ प्रश्न आणि २,६६९ प्रकरणिका आहेत, आणि तीही अपूर्ण. बायबलवरील आणि ॲरिस्टॉटलवरील भाष्ये निराळीच. मरतेवेळी त्याचे वय पन्नासाच्या आतबाहेर होते.

हे सारे आम्ही मुळात का वाचले, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचा विषय मध्ययुगीन मराठी साहित्य. लॅटिनशी आमचा संबंध शब्दकोशापुरता. थॉमसकडे आम्हांला आमच्या सरांनी पाठवले.

सरांचा ग्रंथ मराठी टीकाग्रंथांतील पूर्वपक्षाविषयी होता. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत विषय मांडायचा, त्यावर संशय उपस्थित करायचा, पूर्वपक्ष द्यायचा आणि मग सिद्धान्ताकडे यायचे, ही रीत सर्वांना परिचित आहे. मराठी टीकाकारांनी ती कशी वळवून घेतली, प्रतिपक्षाला त्यांनी कितपत बोलू दिले, हा सरांचा प्रश्न होता. त्या ओघात एकदा ते म्हणाले, “ॲक्वायनस बघ. त्याची प्रत्येक प्रकरणिका विरोधकाच्या तोंडून सुरू होते.” आम्ही पुण्याच्या एका ग्रंथालयात बसून इंग्रज डॉमिनिकनांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केलेल्या भाषांतराचे खंड चाळू लागलो. सरांचे म्हणणे खरे होते. ईश्वर आहे काय, या प्रश्नावरच्या प्रकरणिकेत पहिला शब्द ईश्वर नाही म्हणणाऱ्याचा आहे. जगात दुष्टता आहे, हा एक आक्षेप. जगाचा सारा उलगडा ईश्वराला मध्ये न आणताही होतो, हा दुसरा. आक्षेप दोनच, परंतु त्याहून बळकट आक्षेप गेल्या साडेसातशे वर्षांत फारसे कोणाला सुचलेले नाहीत. त्यांना बोलू दिल्यानंतरच थॉमस स्वतः तोंड उघडतो. सरांना याचे फार कौतुक. थॉमस १२७४ मध्ये गेला आणि परंपरेप्रमाणे ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा, हे आम्ही उत्साहाने त्यांच्या नजरेस आणले, तेव्हा मात्र त्यांनी आम्हांला थांबवले. “पंचांगातून समीक्षा काढू नकोस,” ते म्हणाले.

थॉमसचे हस्ताक्षर वाचता येत नसे. त्याच्या हातची पाने आज उपलब्ध आहेत, आणि त्या लिपीला अभ्यासकांनी दिलेले नावच ‘न वाचता येणारी’ या अर्थाचे आहे. म्हणून तो सांगे आणि लेखनिक लिहीत. एकाच वेळी तीन-चार लेखनिकांना तो वेगवेगळ्या विषयांवर मजकूर सांगे, अशी साक्ष आहे. फ्रान्सच्या नवव्या लुईच्या पंक्तीला बसला असताना एका पाखंड मतावरचा तोडगा सुचून त्याने मेजावर मूठ आपटली आणि राजाने आपला लेखनिक बोलावून तो विचार तत्काळ टिपून घेतला, अशीही कथा त्याच्या चरित्रात येते. पंक्तीला राजा कोणता होता हे सर्वांना आठवते. टिपून घेणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही.

रेजिनाल्डचे नाव मात्र राहिले. पिपेर्नो गावचा हा डॉमिनिकन अनेक वर्षे थॉमसच्या सोबत होता. योहानच्या शुभवर्तमानावरील थॉमसची व्याख्याने आज आपण वाचतो ती रेजिनाल्डने उतरून घेतली म्हणून. थॉमसने एक आटोपशीर ग्रंथ खास त्याच्यासाठी लिहायला घेतला होता. श्रद्धा, आशा आणि प्रीती असे त्याचे तीन भाग व्हायचे होते. श्रद्धेचा भाग पुरा झाला. आशेच्या भागाचा दहावा अध्याय चालू असताना तोही थांबला. प्रीतीचा भाग झालाच नाही.

सरांचे हस्ताक्षरही कोणाला लागत नसे. १९९४ च्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हांला बोलावून घेतले आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते सांगत आणि आम्ही लिहीत असू. आठवड्याला चार पाने झाली तर पुष्कळ झाली. मध्येच थांबून ते म्हणत, “आता तू त्याच्या बाजूने बोल.” तो म्हणजे पूर्वपक्षी. आम्ही बोलत असू. काही वेळा आमचे बोलणे त्यांना पटे, आणि आधीच्या रविवारची दोन पाने ते रद्द करीत. अकरा वर्षांत पाच प्रकरणे झाली आणि सहावे निम्मे झाले. एकूण सात व्हायची होती.

२००५ च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी सर म्हणाले, “आज राहू दे.” पुढच्या रविवारीही तेच म्हणाले. डिसेंबरात त्यांनी टाचणांची पेटी कपाटावर ठेवली. प्रकृतीत सांगण्यासारखा बिघाड नव्हता. चष्मा तोच, फिरायला जाणे तेच, स्मरणशक्तीही शाबूत. आम्ही कारण विचारले नाही. आम्हांला वाटले, कारण आम्हांला ठाऊक आहे. असले काहीतरी एका फार मोठ्या माणसाला झाले होते आणि ते आम्ही वर्गात शिकवत होतो. सरांच्या न लिहिण्यात आम्हांला नेपल्सचा तो डिसेंबर दिसू लागला, आणि त्या दृश्याची मोडतोड करण्याचे आमच्या मनात येईना.

एकदा आम्ही धीर करून त्यांना ती गोष्टच सांगितली. सरांनी ऐकून घेतले आणि विचारले, “पेंढा कशाचा?”

आम्ही गोंधळलो. “सर?”

“भाताचा की गव्हाचा? आणि पेंढा की भूस? वाऱ्यावर उडून जातं ते निराळं आणि माळ्यावर रचून ठेवतात ते निराळं. आमच्याकडे पेंढा कोणी टाकत नसे. पावसाळाभर गुरं त्याच्यावर असत.”

बघून सांगतो, असे आम्ही म्हणालो. शब्दकोशात पाहिलेही. ‘पालेआ’ या लॅटिन शब्दात भूस, तूस आणि पेंढा अशा सर्वच छटा निघतात. परंतु पुढच्या रविवारी ते सांगितले नाही. ज्याने शब्द खाली ठेवले त्याला आपण पुन्हा शब्दार्थात कशाला ओढावे, असे काहीसे आमच्या मनात होते. त्यानंतरची चार वर्षे आम्ही नियमाने त्यांच्याकडे गेलो. हवापाणी, औषधे, महाविद्यालयातील बदल्या, याविषयी बोललो. २००९ च्या जूनमध्ये सर गेले.

तेराव्यानंतर काकूंनी पेटी आमच्या हवाली केली. “तुझंच अक्षर आहे सगळं,” त्या म्हणाल्या, “आता तूच पुरं कर.”

गुरूचा अपुरा ग्रंथ हाती आला की शिष्य काय करतो, याचा नमुना आमच्यापुढे होताच. थॉमसच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत, २ मे १२७४ रोजी, पॅरिसच्या कलाशाखेच्या अध्यापकांनी डॉमिनिकन संघाला पत्र लिहून त्याच्या अस्थी मागितल्या, आणि त्याने पॅरिसमध्ये असताना आरंभलेले लेखनही मागितले. मागणी ईश्वरशास्त्राच्या विद्वानांकडून आली नव्हती, कलाशाखेकडून आली होती, ही गोष्ट आपल्यासारख्यांना सुखावणारी आहे. ‘सुम्मा’ पुरी करण्याचे काम बहुधा रेजिनाल्डने अंगावर घेतले. पीटर लोंबार्डच्या ग्रंथावर थॉमसने तारुण्यात, १२५२ ते १२५६ या काळात, जे भाष्य केले होते, त्यातील उतारे घेऊन त्याने उरलेल्या विषयांची पुरवणी जुळवली. शतकानुशतके ती मूळ ग्रंथाच्या पाठोपाठ छापली गेली. पुरवणीतले शब्द थॉमसचे आहेत. फक्त ते वीस वर्षांपूर्वीच्या थॉमसचे आहेत. नेपल्समधल्या थॉमसला ते तसेच म्हणायचे होते काय, याचे उत्तर पुरवणी देऊ शकत नाही.

आम्ही तेच केले. सरांनी १९८८ साली आम्हांला एम. ए.ला हाच विषय शिकवला होता आणि त्या तासांच्या आमच्या वह्या जपून ठेवलेल्या होत्या. त्यांतून सहाव्या प्रकरणाचा उत्तरार्ध आणि सातवे प्रकरण उभे केले. एका प्रकाशकाने ते स्वीकारले. २०१२ च्या पावसाळ्यात मुद्रिते आली.

प्रस्तावनेत थॉमस आणि रेजिनाल्ड यांचा उल्लेख करायचा म्हणून आम्ही त्या शेवटच्या तीन महिन्यांची हकीकत प्रथमच नीट वाचायला घेतली. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की पेंढ्याविषयीचे उद्गार थॉमसने कोठेही लिहिलेले नाहीत. नेपल्स येथे १३१९ मध्ये त्याच्या संतपदासाठी चौकशी झाली, तेव्हा एका साक्षीदाराने ते सांगितले, आणि त्याच्यापर्यंतही ते रेजिनाल्डकडून, ऐकीव वाटेनेच आलेले होते. म्हणजे जगाला हे वाक्य मिळाले ते रेजिनाल्डने विचारले म्हणून. एकदा विचारून उत्तर मिळाले नाही, म्हणून त्याने पुन्हा विचारले. थॉमस आपल्या बहिणीला भेटायला गेला असता तिच्याशीही धड बोलेना, तेव्हा तिने घाबरून रेजिनाल्डलाच गाठले होते. त्या मौनाने रेजिनाल्ड भारावलेला दिसत नाही. तो काळजीत होता. आधुनिक चरित्रकारांपैकी काहींनी अतिश्रमाने आलेला शरीराचा आणि मनाचा मोडावा किंवा मेंदूचा आघात, असे तर्क केले आहेत. त्यांचा निवाडा आमच्या आवाक्यातला नाही. रेजिनाल्डला मात्र आपल्या माणसाला काहीतरी होते आहे हे दिसत होते आणि तो विचारत होता.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी होती. दहाव्या ग्रेगरीने लियोंला बोलावलेल्या धर्मपरिषदेसाठी १२७४ च्या आरंभी थॉमस नेपल्सहून निघाला. वाटेवर मोन्ते कास्सिनोचा मठ होता, ज्या मठात तो पाच वर्षांचा असताना राहिला होता तोच. तिथल्या मठवासीयांना थोर ग्रेगरीच्या, ईयोबच्या पुस्तकावरील भाष्यातील एक उतारा अडला होता. बेर्नार्ड नावाच्या मठाधिपतीने थॉमसला विचारणा केली. त्याला मठात जाणे जमले नाही, म्हणून त्याने पत्र सांगितले. त्याच मठाच्या हस्तलिखितात, ग्रेगरीच्या ग्रंथाच्या समासात, ते पत्र उतरवलेले मिळते. फेब्रुवारी १२७४ मधले हे पत्र, म्हणजे पेंढ्यानंतरचे. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत फोस्सानोव्हाच्या मठात त्याचा अंत झाला.

आमच्या वर्गातल्या गोष्टीत हे पत्र कधीच नव्हते. थॉमसने महाग्रंथ सोडला, तो पुन्हा हाती घेतला नाही, हे खरे. परंतु कोणी अडले आहे आणि विचारते आहे असे कळल्यावर त्याने लेखनिकाला बोलावले. सारे लेखन पेंढा वाटणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या अडचणीपुरता पेंढा आनंदाने काढून दिला. आमच्या सरांनी तर तो प्रश्न स्वतःच पुढे केला होता, भाताचा की गव्हाचा, पेंढा की भूस. ते आम्हांला पूर्वपक्ष करायला बोलावत होते आणि आम्ही त्यांच्यासमोर हात जोडून बसलो होतो. चार वर्षे, दर रविवारी. त्यांना लिहायचे नसेल, बोलायचे नव्हते असे कोणी सांगितले? आम्ही विचारलेच नाही. आदर म्हणून आम्ही जे पाळले त्यात आमचा आळसही होता, आणि नको ते उत्तर मिळण्याची भीतीही होती. संतचरित्राने आम्हांला त्यासाठी भारदस्त निमित्त पुरवले इतकेच.

त्या रात्री मुद्रिते पुन्हा वाचताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. १९८८ च्या वह्यांत सरांचे मत असे होते की मराठी टीकाकार पूर्वपक्षाला पाडण्यापुरतेच उभे करतात. आणि १९९८ मध्ये त्यांनी सांगितलेल्या, आमच्याच हाताने लिहिलेल्या दुसऱ्या प्रकरणात ते म्हणतात की पूर्वपक्षी हा पुष्कळदा टीकाकाराच्या स्वतःच्या मनातला न फिटलेला संशय असतो. आम्ही जुळवलेले सातवे प्रकरण दुसऱ्या प्रकरणाच्या विरोधात जात होते. दोन्हींत शब्द सरांचेच होते.

आम्ही ती पाने मागे घेतली. पुढच्या वर्षी ग्रंथ पाच प्रकरणांचा आणि सहाव्याच्या अर्ध्या पानावर तुटणारा असा प्रसिद्ध झाला. प्रकाशकाच्या आग्रहास्तव शेवटी एक परिशिष्ट दिले. त्या चार वर्षांत सरांना विचारायला हवे होते असे अकरा प्रश्न आम्ही त्यात क्रमांक घालून मांडले. पहिला प्रश्न पेंढ्याचा होता, आणि त्याखाली शब्दकोशात मिळालेले उत्तर. उरलेल्या दहांखाली काही नाही. काकूंनी ती पाने वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “तेव्हा का नाही रे विचारलंस? ते वाट बघायचे.”

यावर आम्हांला सिद्धान्त मांडता येत नाही. रेजिनाल्डने पुरवणी जुळवली म्हणून त्याला दोष द्यावा असेही वाटत नाही. तो विचारून थकल्यावर पुरवणीकडे वळला होता. आम्ही न विचारताच वळलो होतो.

थॉमसची गोष्ट आम्ही अजूनही वर्गात सांगतो, परंतु आता ती मोन्ते कास्सिनोच्या पत्रापर्यंत सांगतो. वर्ग पूर्वीसारखा स्तब्ध होत नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, सर, पण त्या पत्रात होते काय? ईश्वराला पुढचे सारे ठाऊक असले तरी त्याच्या ठाऊक असण्याने माणसाच्या करण्यावर सक्ती येत नाही, असे काहीसे थॉमसने त्या मठवासीयांना समजावले आहे, हे आम्ही सांगतो. त्यावर दुसरे कोणी आक्षेप घेते. तास संपल्याची घंटा होते, आणि आम्ही त्याला म्हणतो, बोल, तुझे होऊ दे.